आप्पांच्या अंगावरची शाल

शनिवार, ६ डिसेंबर २०२५
आपल्या गावाहून

प्रिय नागेंद्र,

हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर मान वर करू नकोस. मला फोन करू नकोस, तुझ्या रचनाला हाक मारू नकोस आणि मधली पानं सोडून शेवटच्या पानावर उडी मारू नकोस. लहानपणी तू गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचास आणि मला सांगून माझी मजा घालवायचास. आज एवढा एक दिवस ते करू नकोस. तू म्हणशील, आक्का, फोन असताना ही एवढी पानं कशाला खरडलीस? फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू दिलं नसतंस, म्हणून. आणखीही एक कारण आहे, ते शेवटी सांगते.

आधी तुझ्या त्या फोटोचं बोलू. मंडळाची पोरं आप्पांना शाल घालून गेली, त्याचा फोटो आरोहीनं तुला पाठवला आणि तासाभरात तू तो सगळ्या जगाला दाखवलास. खाली लिहिलंस, की माझे वडील एकाहत्तरच्या लढाईत होते आणि चोपन्न वर्षांत घरात एक शब्द बोलले नाहीत. ती पिढीच वेगळी, करून गप्प बसणारी. आणि आपण चहा प्यालो तरी फोटो टाकतो. तुझ्या ऑफिसातल्या किती जणांनी हात जोडले. तुझ्या मंथननं आजोबांना फोन करून जय हिंद म्हटलं. मी ते तीनदा वाचलं. छान लिहिलं होतंस. पण मी पडले मास्तरीण. एखाद्या पोराचं उत्तर एकदम बरोबर आलं की मला आनंदाच्या आधी संशय येतो आणि मी शेजारच्या पोराची वही मागवते.

तुला सगळं धड सांगायचं राहिलंच होतं, म्हणून पहिल्यापासून सांगते. आपल्या वेशीजवळ एक दगडी फलक बसवायचा आहे, गावातून लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा. सोळा डिसेंबरला त्याचं अनावरण. मंडळाची सेक्रेटरी आरोही, तीच ती, भरतीसाठी रोज सकाळी कडोलीच्या रस्त्यानं पळणारी. तिनं माजी सैनिकांची यादी मिळवली आणि मला म्हणाली, बाई, जे हयात आहेत त्यांच्याशी तुम्ही बोला, त्यांच्या आठवणी लिहून काढा, छोटं पुस्तक करू. मी हो म्हटलं. यादीत सात नावं होती. सहावं नाव होतं मारुती भरमू चौगुले. नाव आपल्या आप्पांचं, बापाचं नाव आपल्या आज्जाचं, गाव आपलं. मला काही विचारायच्या आत ती पोरं शाल, नारळ आणि फेटा घेऊन दारात हजर. आजोबा, तुम्ही एकाहत्तरला होता आणि कधी बोलला नाहीत! आप्पा खुर्चीवर बसलेले. मी चहाचं आधण ठेवून बाहेर आले ती या वाक्यासाठी, की ते आता म्हणतील, अरे बाबांनो, तो मी नव्हे. नागेंद्र, ते म्हणाले नाहीत. त्यांनी फेटा बांधू दिला, शाल घालू दिली, नारळ दोन्ही हातांत धरला आणि खाली बघत बसले. पोरं गेल्यावर शालीची घडी घातली, ट्रंकेत ठेवली आणि जेवले नाहीत.

तू आणि मी दोघंही शिकलेले. सरळ विचार केला असता तर तेव्हाच कळलं असतं. आप्पा संकेश्वरला साखर कारखान्यात लागले ते माझ्या जन्माच्या चार वर्षं आधी. मी त्र्याहत्तरची. मग ते लढले कधी? तू म्हणालास, मध्ये गेले असतील, तेव्हा असं चालायचं. तुला वीराचा मुलगा व्हायचं होतं, त्यामुळे तुला ते पटलं. मला मात्र आप्पांचाच संशय आला. आधी वाटलं, आठवण जायला लागली. म्हणून मी मुद्दाम त्यांना कारखान्यातल्या साहेबांची नावं विचारली, ती त्यांनी घडाघडा सांगितली. मग वाईट शंका आली, की माणूस म्हातारपणी मानाला हपापतो आणि फुकट मिळालेली शाल परत करवत नाही. आपल्या बापाविषयी असं मनात येणं बरं नव्हे. पण आलं, ते लिहिते.

मग मी बाकीच्यांशी बोलायला लागले. पासष्टच्या लढाईतले नागोजी आप्पा आता पंच्याऐंशीचे आहेत. त्यांच्यासमोर वही उघडून बसले की दोन तास कुठे जातात कळत नाही. बर्फात बूट पायाला चिकटल्याचं सांगतात, उशाला डबा घेऊन झोपलेल्या जोडीदाराचं सांगतात, मध्येच हल्लीच्या पोरांवर घसरतात. आरोही शेजारी बसलेली असते, तरी तोंडावर म्हणतात, "तुमची ती अग्निवीराची चार वर्सांची नोकरी. आमी गेल्यावर घरच्यांनी आशा सोडायची पाळी यायची." ती पण काही कमी नाही. म्हणाली, आजोबा, तुमची छाती मोजली आणि घेतलं. आमचा डोळा, बोटं, रक्त, बारावीचे मार्क, सगळं बघतात आणि तरी घरी पाठवतात. म्हातारा हसला. मी मध्येच विचारलं, नागोजी आप्पा, आमचे आप्पा कुठल्या वर्षी गेलेले? त्यांचं हसू गेलं. चहाचा कप बाजूला सारला आणि म्हणाले, "तुज्या बापाला इचार, पोरी."

चार दिवसांनी आरोही सहज म्हणाली, बाई, आजोबांची पेन्शन निपाणीला कशी काय निघते? माझ्या डोक्यात घंटा वाजली. म्हणजे कुणीतरी आप्पांच्या नावावर जगतोय. नाव, बाप, गाव, सगळं उचलून. मग शेताच्या उताऱ्यावरही उद्या तो हक्क सांगेल! मी हे तुला सांगितलं नाही, कारण तू त्याच दिवशी वकील गाठला असतास. आप्पांना विचारलं, निपाणीत आपलं कोण आहे? ते म्हणाले, कोण न्हाय, आणि गोठ्याकडे गेले. गोठ्यात गेली आठ वर्षं जनावर नाही.

त्यानंतर मला जुन्या गोष्टी एकेक करून आठवू लागल्या. मला वडगावच्या शाळेत नेमणूक मिळाली तेव्हाचं तुला आठवतं का? पोरगी बेळगावात मास्तरीण झाली म्हणून आईनं पेढे वाटले आणि आप्पा दोन दिवस जेवले नाहीत. बदली करून घे म्हणत होते. तेवीस वर्षं मी त्या शाळेत शिकवते, तिथं विणकरांच्या मागांची खटखट ऐकत फळ्यावर लिहिते, आणि आप्पा एकदाही शाळा बघायला आले नाहीत. शहापुरापर्यंत येतात, वडगावचा रस्ता आला की त्यांना काहीतरी काम आठवतं. आणि तू मार खाल्लास तो प्रसंग. गावचं पोस्ट सांभाळणाऱ्या गुरुजींनी तुझ्याकडे पलीकडच्या आळीतलं एक कार्ड पोचवायला दिलं होतं आणि तू ते आठ दिवस दप्तरात विसरलास. साधं लग्नाचं कार्ड. आप्पांनी जन्मात एकदाच तुझ्यावर हात टाकला, तो त्या दिवशी. आई मध्ये पडली नाही, ती चुलीकडे तोंड करून बसून राहिली. तू मला तेव्हा विचारलं होतंस, आक्का, कार्डासाठी एवढं का मारलं?

गेल्या पंधरवड्यातल्या रविवारी मी निपाणीला गेले. घरी सांगितलं, बेळगावच्या कॅम्पातल्या एका सुभेदारांना भेटायला जाते. पत्ता आरोहीच्या यादीवरून घेतलेला, तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीतला. दारावर पत्र्याची पाटी, मारुती भरमू चौगुले, माजी सैनिक. आपल्या बापाचं नाव परक्याच्या दारावर मी दोनदा वाचलं. ओसरीवर नायलॉनच्या पट्ट्यांच्या खुर्चीत एक म्हातारा बसलेला. डावा पाय गुडघ्याखाली लाकडी. मी म्हटलं, सैनिकांच्या आठवणी लिहून घेते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "कार्ड दाव." मला वाटलं चेष्टा करतात. "आधार कार्ड दाव, बाई. हल्ली कोण बी येतंय, आठवणी इचारतंय आणि अंगठा घेऊन जातंय." मी कार्ड दिलं. ते डोळ्यांशी नेऊन त्यांनी कानडी अक्षरं एकेक करून वाचली. माझं नाव वाचलं, त्यापुढं बापाचं नाव वाचलं. मग कार्ड परत दिलं आणि रस्त्याकडे तोंड फिरवलं. एवढ्यात मला दिसलं. त्यांच्या उजव्या भुवईवर आडवा व्रण होता. आप्पांना लहानपणी बैलाचं शिंग लागलं, तसाच, त्याच जागी, तेवढाच.

तरी मी वही उघडली. म्हटलं, हा चोर किती खोटं बोलतो ते तर बघू. नागेंद्र, तो माणूस खोटं बोलत नव्हता. नागोजी आप्पा जे जे सांगतात ते सगळं त्यांच्या तोंडी होतं, पण वेगळ्या तऱ्हेनं. शौर्याचं एक वाक्य नाही. म्हणाले, "आमी समदी भ्यालतो. बंकरात निम्मी पोरं आईचं नाव घेत हुती. हे कोण सांगत न्हाय, तू लिव." मी त्यांना तुझा मजकूर वाचून दाखवला, कुणाचा ते न सांगता. ती पिढीच वेगळी, करून गप्प बसणारी, हे ऐकून ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "गप बसली म्हणं आमची पिढी! पळणाऱ्या ह्या आताच्या पोरी बऱ्या. भ्या वाटलं तर वाटलं म्हणत्यात. आमी गप बसलो आन् गप बसून काय केलं?" एवढं बोलून खुर्चीची एक तुटलेली पट्टी ते हातानं चाचपू लागले. तिचे दोन सुटे धागे होते, ते त्यांनी न बघता, एका हाताच्या दोन बोटांत धरून, पापणी लवायच्या आत जोडले. ती गाठ मी रोज बघते. माझ्या वर्गातली पोरं शाळेत यायच्या आधी मागावर बसून तसलीच गाठ मारून येतात. नांगर धरणाऱ्या घरातल्या माणसाला ती येत नाही. मी वही मिटली आणि म्हटलं, तुम्ही आमच्या गावचे नाही, तुम्ही वडगावचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "नागुबाईचा महादेव मी. तुजा बाप हाय काय अजून?"

आता पुढचं जे लिहिते ते निम्मं त्यांनी सांगितलेलं आहे आणि निम्मं मी घरी येऊन आप्पांकडून काढलेलं आहे. दोघांनी सांगितलेलं इतकं जुळलं, की संशयाला जागा राहिली नाही. आप्पा सातवीपर्यंत शिकायला वडगावात आत्याकडे राहिले होते. शेजारी केदारी विणकराचं घर. केदारी गेले तसा त्यांचा मुलगा महादेव चौथीतच शाळा सोडून मागावर बसला. दोघांची दोस्ती. सदुसष्ट साली दोघंही भरतीला गेले. आप्पा निवडले गेले, आणि महादेवला सातवीचा दाखला नाही म्हणून रांगेतून बाहेर काढलं. तीन आठवड्यांनी हजर व्हायचं होतं. आणि आपल्या आप्पांचं अवसान गळालं. मी विचारलं, आज्जीनं अडवलं का? तब्येत बिघडली का? मी त्यांना पळवाटा शोधून देत होते. ते म्हणाले, "भ्यालो. दुसरं काय न्हाय. भ्यालो." महादेवला जायचं होतं आणि आप्पांना जायचं नव्हतं. कागदांवर फोटो नव्हता, ओळखीची खूण तेवढी लिहिलेली, उजव्या भुवईवर व्रण. महादेवनं मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचं लोखंडी टोक स्वतःच्या भुवईवर मारून घेतलं. त्याच्या आईनं, नागुबाईनं, हळद भरली. तीन आठवड्यांत खपली पडली आणि तो आप्पांचं नाव घेऊन गेला. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. त्यांना ती एक युक्ती वाटली.

नाव गेलं तसा पत्ताही गेला. महादेवची पत्रं आता वडगावला येऊ शकत नव्हती, ती आपल्या घरी, आपल्या आज्जाच्या नावानं यायची. त्या काळी गावचं पोस्ट गुरुजींच्या घरातच होतं. त्यांना ठाऊक होतं, नागोजी आप्पांना ठाऊक होतं, आणखी एखाद-दुसऱ्याला असेल. आप्पांचं काम एवढंच, की पत्र आलं की वडगावला जायचं आणि नागुबाईला वाचून दाखवायचं. तिला अक्षरओळख नव्हती. शेजारीपाजारी ती सांगायची, पोरगा इचलकरंजीला मागावर गेलाय. चार वर्षं आप्पांनी हे काम चोख केलं. आपल्या आईशी लग्न झाल्यावरही करत होते. मग एकाहत्तरच्या डिसेंबरात आपल्या दारात तार आली. मारुती भरमू चौगुले गंभीर जखमी. मारुती भरमू चौगुले तेव्हा अंगणात बैलांना पाणी पाजत होता. आज्जी अंबूबाईनं त्याला जवळ घेऊन तोंडावरून हात फिरवला आणि मग ती रडली, असं आप्पा सांगतात. आज्जा म्हणाला, जा, त्या माउलीला सांगून ये. आप्पा निघाले, वडगावच्या कोपऱ्यापर्यंत गेले. सगळ्या मागांच्या खटखटीत त्यांना नागुबाईचा माग ओळखू यायचा. तो चालू होता. ते परत फिरले. आठ दिवसांनी पुन्हा गेले आणि पुन्हा कोपऱ्यावरून परत आले.

मग इस्पितळातून निळं इनलंड पत्र आलं, दुसऱ्या कुणाच्या अक्षरातलं, महादेवनं सांगून लिहवून घेतलेलं. ते खिशात घालून माघ महिन्यात आप्पा तिसऱ्यांदा गेले आणि या खेपेला घरात शिरले. माग बंद होता. नागुबाई तापानं अंथरुणाला खिळलेली. तिनं आप्पांना ओळखलं आणि विचारलं, पत्र आलं? आप्पा म्हणाले, न्हाय, अजून न्हाय आलं. ती म्हणाली, येईल, तू सवडीनं ये. त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. पत्र त्यांच्या खिशात होतं, नागेंद्र. आठ दिवसांनी ती गेली.

महादेव उन्हाळ्यात कुबड्यांवर आला. वडगावात कळलं, आई माघातच गेली. तिला काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे शेजारी कसं सांगणार? त्यांच्या लेखी पोरगा इचलकरंजीला होता. म्हणून तो आपल्या गावी आला. दारात आज्जीनं सांगितलं, मारुती घरी न्हाय. महादेव मला म्हणाले, "बैल उगंच धडपडत न्हाईत, पोरी. गोठ्यात व्हता तो. मला कळलं. मी माघारी वळलो." त्यानंतर ते निपाणीत वखारीवर राखणदार म्हणून राहिले, लग्न केलं, मारुतीराव म्हणून म्हातारे झाले. आणि आप्पांनी चोपन्न वर्षं वडगावचा रस्ता टाळला.

मी निपाणीच्या त्या ओसरीवर बसून महादेवांना म्हटलं, तुमचं नाव दगडावर घालू, महादेव केदारी म्हणून. ते खवळले. "कशाला? पेन्शन घालवायला आलीयास व्हय? आन् ते नाव काय तुज्या बापाचं हाय? त्यानं अठरा वर्सं वापरलं, मी अठ्ठावन्न. त्या नावानं पाय गेला. तेच घाला दगडावर." बरोबर होतं त्यांचं. दगडात चूक काहीच नाही. चूक फोटोत आहे. मी शालीचं बोलले, सोळा तारखेला तुम्ही या म्हटलं. मग त्यांनी मला जे विचारलं ते मी तुला त्यांच्याच शब्दांत सांगते. "शाल नको मला. तुज्या बापाला एवढंच इचार. आईला कळलं व्हतं काय? मी जिता हाय म्हणून कळलं व्हतं, का मेलो म्हणून, का काहीच न्हाय? चोपन्न वर्सं झाली. लोक झोपताना देवाचं नाव घेत्यात, मी हे इचारतो."

घरी येऊन मी आप्पांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं नाकारतील, रागावतील. ते उठले, ट्रंक उघडली आणि तळाच्या कागदाखालून ते निळं पत्र काढून माझ्या हातात दिलं. सात ओळी आहेत. सहावी ओळ अशी आहे, आईला सांग पाय गेला पण हात शाबूत आहेत, मागावर बसता येईल. मी वाचत असताना आप्पा लहान पोरासारखे रडले. म्हणाले, "पायाचं सोडून हाताचं तरी वाचायचं व्हतं गं. अर्धं तरी वाचायचं व्हतं." मीही रडले. आपल्या बापाला रडताना मी आईच्या वेळी सुद्धा बघितलं नव्हतं. मग ते म्हणाले, तूच फोन करून त्याला सांग, आईला काही कळलं नव्हतं म्हणून. मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आप्पांना तोंडावर नाही म्हटलं. हा निरोप माझा नाही, आप्पा, तुम्हीच पोचवायचा, असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, जातो. पण आधी नागेंद्रला कळू दे. त्यानं माझा फोटो लावलाय.

म्हणून हे पत्र. तू आप्पांवर रागावशील, मीही रागावले आहे, अजून तो राग गेलेला नाही. पण तुला एक सांगते. ते निपाणीला एकटे जातील यावर माझा विश्वास नाही. त्यांनी दोनदा कोपऱ्यावरून परत फिरून दाखवलं आहे. आज ते ज्या बसनं तुझ्याकडे आले ती निपाणीवरूनच आली असणार आणि ते उतरले नसणार, खिडकीकडे पाठ करून बसले असणार. हे पत्रसुद्धा ते तुला देतील की पिशवीत ठेवून परत आणतील, असा मला लिहितानाही संशय होता. पण तू हे वाचतो आहेस, म्हणजे चोपन्न वर्षांनी का होईना, एक पत्र त्यांनी ज्याचं त्याच्या हातात दिलं. फोन न करण्याचं दुसरं कारण हेच. आता मान वर कर. ते समोर बसले असतील, खुर्चीच्या अगदी कडेला, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत शाल आहे आणि शालीच्या घडीत ते निळं पत्र आहे. त्यांना काही विचारू नकोस. गाडी काढ. निपाणी तुझ्या घरापासून तासाच्या आत आहे. महादेव काय करतील मला ठाऊक नाही, कदाचित दारातून हाकलतीलही. पण गाडी वखारींच्या गल्लीच्या कोपऱ्यावर थांबवू नकोस, थेट दारापाशी ने, आणि ते आत जाईपर्यंत त्यांचा हात सोडू नकोस.

तुझीच,
आक्का